तात्यांची हरकत

पाणी योजनेच्या कर्जरोख्यांसाठी आलेली सगळ्यात स्वस्त बोली मंजूर होणार, तेवढ्यात पडद्यावरच्या तात्या घोसाळकरांनी पुन्हा हरकत घेतली. महापौर मंजिरी तेरदाळकर वैतागल्या. "तात्या, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. तुमचा मेंदू यंत्रात जपला तो सल्ल्यासाठी, अडवणुकीसाठी नाही."

"अगं मंजिरी, या बोलीत विसाव्या वर्षापासून व्याज वाढतं. पाणीपट्टी दुप्पट होईल तेव्हा तुमच्यातलं कोणी इथे नसेल. लोकांच्या शिव्या मी एकटा खाणार."

"दुसरी बोली घेतली तर पाणीपट्टी यंदाच वाढेल. निवडणूक तोंडावर आलीय."

"मग जिवंतपणी खा शिव्या," तात्या म्हणाले.

मंजिरीताई चरफडल्या. सभागृहात कोणी त्यांच्याकडे बघेना. शेवटी दुसऱ्या बोलीसाठी त्यांनीच पहिला हात वर केला.