गाडीचा फोटो

खांडबाऱ्याच्या फलाटावर त्या माणसानं तीन पायांची घोडी उभी केली, तिच्यावर कॅमेरा चढवला आणि काळं फडकं झटकून खांद्यावर टाकलं. धनुबाईनं सीताफळांची पाटी डोक्यावरून उतरवली, ती त्याच्याकडे बघतच.

"गाडीना फोटू काढी ऱ्हायना म्हने," शेजारी बसलेली मोतीबाई म्हणाली. "येडा शे का काय!"

वेडा दिसत नव्हता. पँट, पायात बूट, दाढी गुळगुळीत. लढाई चालू होती. रूळ नाही, पूल नाही, कशाचाच फोटो काढायचा नाही, असं स्टेशनमास्तर येता-जाता ओरडत असे. पण आज त्याच मास्तरनं आपली खुर्ची बाहेर आणून या माणसाला दिली होती. आणि देऊन झाल्यावर तो आत गेला तो बाहेर फिरकलाच नव्हता.

धनुबाईला ते बरं वाटलं नाही. तिचा भाऊ जामसिंग श्रावणापासून घरी नव्हता. लाइनीच्या तारा तोडल्या त्यात त्याचं नाव होतं. पोलीस दोनदा येऊन घरातली मडकी फोडून गेले होते. जामसिंग सुरतेकडे ऊसतोडीत मिसळला होता आणि तिकडून आलेल्या एका मजुराच्या तोंडी त्याचा निरोप आला होता : बाजाराच्या दिवशी, दुपारच्या गाडीनं येतो. आजच बाजार होता. म्हातारी आई सकाळीच अंगणात येऊन बसली होती, ती उठायला तयार नव्हती.

धनुबाई पाटी घेऊन त्या माणसाजवळ सरकली.

"काय काढी ऱ्हायनात, दादा?"

"इंजिनाचा फोटो, बाई. मला गाड्यांचा नाद आहे. तुम्ही जरा बाजूला बसता का?"

तुम्ही. पँटवाल्या माणसानं तिला आजवर कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

"इंजिन तं तठे हुभं ऱ्हास," तिनं पलीकडे हात केला. "पाण्यानी टाकीपाशी."

"इथून चांगलं दिसतं," तो हसून म्हणाला.

ती मागं सरली. कॅमेऱ्याचं तोंड कुठं आहे ते तिनं नीट बघून घेतलं. समोर तिसऱ्या वर्गाचे डबे लागत. बाजारकरी उतरत ते तिथंच.

गाडीची शिटी झाली. माणसं उठली, पाट्या उचलल्या गेल्या. इंजिन धूर सोडत, फलाट हादरवत त्या माणसाच्या अगदी पुढून गेलं. त्यानं काही केलं नाही. हात कॅमेऱ्यावर ठेवून तो नुसता उभा राहिला. डबे थांबायला लागले, तसा तो वाकला.

आता पळत जाऊन सांगावं, तर तिच्या पळण्यामागं त्याची नजर येणार. गप्प बसावं, तर जामसिंग उतरणार.

तिनं पाटी डोक्यावर घेतली आणि रोजची आरोळी ठोकली, "सीताफळंऽ घ्या सीताफळंऽ!" आणि त्याच सुरात, तसाच हेल काढून, बाहेरच्या माणसाला न कळणाऱ्या घरच्या डोंगरी बोलीत म्हणाली, "उतरू नकोऽ, पुढं जाऽ, पाळत ठेवलीय रेऽ!" पुन्हा सीताफळं. पुन्हा तेच. मोतीबाई खालच्या मानेनं फळं रचत होती. तिचा हात थांबला. मग तिनंही मोठ्यानं, "सीताफळंऽ!" म्हणून गळा काढला.

तिसऱ्या डब्याच्या दारात जामसिंग दिसला. मिशी काढलेली, गालफडं बसलेली, अंगात कुणाचा तरी ढगळ कोट. एक पाय त्यानं पायरीवर टाकलाच होता. धनुबाई फळांची पाटी डोक्यावरून हातात घेऊन थेट कॅमेऱ्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

"मन्हा फोटू काढा ना, दादा."

"बाजूला हो!" तो फडक्यातून डोकं काढत ओरडला. तुम्ही गेलं होतं.

तिच्या पाठीमागून ओळखीचा आवाज आला, "नंदुरबार उनं का हो?"

"नई रे, खांडबारा शे," कुणीतरी म्हणालं. "चढ, चढ वर."

धनुबाईनं वळून बघितलं नाही. तीन महिन्यांत तो आवाज तिनं ऐकला नव्हता, आणि पुन्हा कधी ऐकायला मिळेल ते ठाऊक नव्हतं. हातातली पाटी तिनं घट्ट धरली. दार लागल्याचा आवाज आला, मग शिटी झाली.

त्या माणसानं कॅमेऱ्यावर झाकण बसवलं. आता तो हसत नव्हता.

"आरोळीत मधेच काय म्हणत होतीस?"

"फळं गोड शेतस, दादा. आजून काय?"

"कुणाला सांगत होतीस?"

"गिऱ्हाइकले."

गाडी हलली. आयांच्या कडेवरची पोरं हात हलवायला लागली, मास्तर हिरवं निशाण घेऊन बाहेर आला, हमालसुद्धा ओझं टेकवून बघत राहिला. नंदुरबारच्या बाजूला डबे एकामागून एक वळणाआड जायला लागले. फलाटावरचं एकूण एक माणूस गाडीकडे बघत होतं. गाड्यांचा नाद असलेला तो माणूस तेवढा धनुबाईकडे बघत होता, आणि धनुबाई मान खाली घालून पाटीतली सीताफळं उगाच उलटीसुलटी करत होती.