बांधावरची बोंडं

रामकिसनरावांच्या बांधावरच्या निवडुंगाला इतकी वर्षं शेळीसुद्धा तोंड लावत नव्हती. मग शहरातून एक प्राध्यापकबाई आल्या आणि सांगून गेल्या, की ह्या लाल बोंडांत अँटिऑक्सिडंट भरपूर असतात, खाणाऱ्याला म्हातारपण उशिरा येतं. दुसऱ्याच दिवशी बांधावर पाटी लागली: बोंडं तोडू नयेत.

आठवड्याभरात निम्मी बोंडं गायब झाली. रामकिसनरावांचा संशय शेजारच्या विमलबाईवर. चतुर्थीला सकाळीच त्यांनी गल्लीतल्या सगळ्या बायांना पारावर बोलावलं.

"बोंड खाल्लं की जीभ लाल व्हती. काढा जिभा बाहीर."

विमलबाईची जीभ स्वच्छ निघाली. बाकीच्या बायांचीही.

रामकिसनराव आणखीच चिडले. "आमच्या आईकडून शिका जरा. चार दिस झाले मौन धरलंय. तोंड म्हणून उघडलं न्हाई."

त्यांची आई, ऐंशीच्या केशरबाई, पारावर ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. त्यांचं व्रत आज चतुर्थीच्या प्रसादानंच सुटायचं होतं. विमलबाई पहाटेच लिंबागणेशच्या गणपतीला जाऊन आली होती. तिनं पदराची गाठ सोडली आणि पेढा घेऊन पुढं झाली.

"मावशी, आ करा. देवाच्या प्रसादाला न्हाई म्हणू न्हाई."

 

केशरबाईंनी लालभडक आ केला, आणि तेव्हापासून मौन रामकिसनरावांनी धरलंय.