नापास हत्यारं

"नापास," म्हातारा म्हणाला. तिच्या चित्राच्या कागदाचे त्याने तुकडे केले आणि स्वतःच्या खिशात कोंबले.

ती बघतच राहिली. नापास करायचं तर करा, पण फाडलेला कागद खिशात घालायची ही कुठली तऱ्हा?

एका गिऱ्हाइकासाठी अंतराळातल्या लढायांचा व्हिडिओ गेम बनवणारी ती छोटी कंपनी तिच्या थोरल्या भावाची. गेममधली हत्यारं तिच्याकडे होती. ती कशी दिसतील आणि कशी चालतील हे तीच ठरवायची. म्हातारा निवृत्त शास्त्रज्ञ होता. हत्यारं विज्ञानाला धरून आहेत की नाहीत, एवढंच तपासायला दादाने त्याला ठेवलं होतं. तोंडावर सगळे त्याला सर म्हणत, पाठीमागे आजोबा.

या वेळचं हत्यार तिचं फार लाडकं होतं. नाव साधं, खडी. किरण नाही, स्फोट नाही. ग्रहाभोवती एक यान बाकीच्या यानांच्या उलट्या दिशेने फिरवायचं आणि जाता जाता खडी सोडून द्यायची. बस्स. वर हवाच नाही, तेव्हा खडीला अडवणारं कुणी नाही. बंदुकीच्या गोळीच्या कित्येक पट वेगाने ती फिरत राहणार आणि समोर येईल त्या यानाची चाळण करणार. तेवढ्यासाठी तिने पुस्तकांमागून पुस्तकं पालथी घातली होती.

"यात चूक काय आहे, सर?"

"मजा नाही. चमकत नाही, वाजत नाही. पोरं कंटाळतील."

"मजेचं आम्ही बघू ना. विज्ञान कुठे चुकलंय ते सांगा."

म्हातारा चष्मा पुसत बसला. "नापास म्हटलं ना."

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हे काही पहिल्यांदा होत नव्हतं. याआधीची तिची तीन हत्यारं, ज्यांच्यापायी तिने रक्त आटवलं होतं, त्याने अशीच उडवून लावली होती. घाईघाईत पाडलेली झगमगीत मात्र बिनबोभाट पास. शिवाय जाताना तिचा फळा स्वतःच्या हाताने पुसणार आणि दारात थांबून हळूच विचारणार, "हे आणखी कुणाला दाखवलंत का हो?"

"अगं, तुझ्या कल्पना दुसऱ्या कंपनीला पोचवत असणार तो," शेजारच्या टेबलावर बसून गेमला संगीत देणारा तिचा सहकारी म्हणाला. "नाहीतर त्याला विज्ञानातलं ओ की ठो कळत नसणार. दोन्हीतलं एक नक्की."

म्हणून तिने सापळा लावला. एक हिरवा किरण तयार केला. तो ग्रहाला वळसा घालून पलीकडच्या यानाला जाऊन लागायचा आणि लागताच ढगासारखा गडगडायचा. पोकळीत आवाज होत नाही आणि प्रकाश असा गल्लीबोळातून वळत नाही, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं.

म्हाताऱ्याने पडद्यावर पाहिलं आणि तो चक्क हसला. "झकास! पास."

"सापडलात, सर," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "हा किरण पास आणि माझी खडी नापास? तुम्हाला यातलं काही कळत नाही, की आम्हाला बुडवायला कुणी पाठवलंय तुम्हाला?"

म्हाताऱ्याने उठून आधी दार लोटलं. मग तो तिच्यासमोर येऊन बसला. आजवर कधी नव्हे तो एकेरीवर आला.

"पोरी, हा किरण कुणाच्या बापाला बनवता येणार नाही. म्हणून पास."

"आणि खडी?"

"ती उद्याही बनवता येईल. तुझी आधीची तीनही." त्याचा आवाज खाली गेला. "मी जन्मभर जिथे नोकरी केली, तिथे हा खेळ नव्हता. खरोखर चालेल असं जे जे तू काढतेस, ते मी नापास करतो. या खोलीतच ते मेलेलं बरं."

तिला हसू आवरेना. "अहो सर, गेम आहे हा! पोरं खेळणार. खरं बनवायला कोण बसलंय इथे?"

"नसेल कुणी," तो म्हणाला. "तसंच असू दे."

म्हाताऱ्याला भ्रम झालाय, तिने मनाशी ठरवलं. दादाच्या कानावर घालायलाच हवं. ती तडक त्याच्या केबिनमध्ये गेली.

"दादा, आजोबांचं डोकं काही..."

"ते नंतर. या वेळी नापास काय झालं ते आधी सांग. गिऱ्हाइकाला पाठवायचंय."

"नापास झालेलं? पास झालेलं ना?"

"छे गं. पास झालेल्यांकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. पहिल्या दिवसापासून एकच धोशा, म्हातारा नापास करील ते तेवढं आम्हाला द्या. त्याला ठेवा असं सुचवलंही त्यांनीच. विक्षिप्त लोक आहेत, पण आपल्याला काय करायचंय? तुझी आधीची तीन गेली ना, जाम खूश होते."

तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"दादा, या लोकांनी याआधी कुठला गेम काढलाय?"

"गेम? एकही नाही. या धंद्यात नवीनच आहेत ते." दादाने कीबोर्ड पुढे ओढला. "हं, सांग. काय काय नापास?"

काचेपलीकडे म्हातारा पाठमोरा उभा राहून तिचा फळा पुसत होता. कोपऱ्यातला उरलेला ठिपकासुद्धा त्याने बोटाने पुसला.

"काहीच नाही, दादा," ती म्हणाली. "या वेळी खडीसुद्धा पास झाली."