पुढचं चित्र

पहाटे उपग्रहाच्या चित्रात समुद्रावर ढगांचा भोवरा दिसला आणि हवामान अधिकारी बाईंनी वादळाचा इशारा देऊन टाकला. साहेब म्हणत होते, "अर्ध्या तासात पुढचं चित्र येतंय, तोवर थांबा. उगाच घबराट नको." बाई थांबल्या नाहीत. त्या दिवशी बंदरातून एकही होडी सुटली नाही, आणि संध्याकाळी वादळ किनाऱ्यावर आदळलं.

चार दिवसांनी एक म्हातारा मासेमार ऑफिसात आला. इशारा आला तेव्हा त्याचा धाकटा मुलगा होडीवर चढलेला होता. म्हाताऱ्याने हात जोडले, मग बराच वेळ पडद्यावरचे ढग बघत राहिला.

"बाई, एक विचारू? नऊ वर्षांपूर्वी माझा थोरला अशाच वादळात गेला. तेव्हा हा उपग्रह नव्हता ना वर?"

नव्हता म्हटलं असतं, तर म्हातारा निवांत मनाने घरी गेला असता. पण बाईंची जीभ रेटेना.

"होता, काका. त्या दिवशी मीच ड्युटीवर होते. असाच भोवरा दिसलाही होता मला. पुढचं चित्र येऊ दे, मग बघू, असं म्हटलं. तेवढ्यात होड्या सुटल्या."

म्हातारा खुर्चीचा हात धरून खाली बसला. बाईंनी पुढे केलेला पाण्याचा पेला त्याने घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"म्हणजे," पेला टेबलावर ठेवत तो म्हणाला, "धाकट्याला होडीवरून थोरल्यानेच उतरवलं म्हणायचं."