गिल्बर्टच्या रानातला कोल्हा

“आज गिल्बर्टच्या रानात कोल्हा निघाला नाही ना, तर त्याचं तोंड पाहणार नाही मी,” ॲम्ब्रोज थॉर्ली रिकिबीत पाय घालता घालता म्हणाला. “लहानपणापासूनचा मित्र असला म्हणून काय झालं!”

“गिल्बर्ट असलं काही करणार नाही,” त्याची बायको इझोबेल म्हणाली.

“तुला काय माहीत? त्याच्या घरात कधी पाऊल तरी ठेवलंयस?”

“कशी ठेवणार? अंगणभर कुत्री! पण लोक काय बोलतात ते गुरुवारी मावशीकडे माझ्याही कानावर येतं. गिल्बर्टबद्दल कुणी वाईट बोलत नाही.”

दर गुरुवारी ती मेल्टनला मावशीकडे जायची आणि दिवेलागणीला परतायची. कुत्र्यांना मात्र जाम भ्यायची. नवरा शिकारीचा मास्टर, म्हणजे म्होरक्या, केनेलमध्ये कुत्र्यांची ही पलटण, आणि बाईसाहेब लग्न झाल्यापासून केनेलच्या दाराशीही फिरकल्या नव्हत्या. लोक हसायचे. ॲम्ब्रोजने तिला त्यावरून कधी एका शब्दाने छेडलं नाही. फार जीव होता त्याचा तिच्यावर.

“तू नुसती टेकडीवरच्या रस्त्यावरून बघ. बग्गीतून उतरू नकोस,” तो म्हणाला. “कुत्री खाली असतील.”

आता गिल्बर्टवरचा आरोप साधा नव्हता. आमच्या लेस्टरशरमध्ये माणसाचं पुष्कळ काही चालवून घेतात. दारू, जुगार, तोंडाळपणा. पण कोल्ह्यावर बंदूक चालवली की संपलं. कोल्ह्याने मरायचं ते कुत्र्यांपुढे धावून. त्याला चोरून गोळी घालणाऱ्याला कुणी जेवायला बोलवत नाही. यंदा गिल्बर्टच्या काटेरी रानातून कुत्री दर वेळी रिकाम्या तोंडाने बाहेर आली होती. गिल्बर्टने फेझंट पक्षी पाळले होते, आणि पक्षी फस्त करणारा कोल्हा फेझंट पाळणाऱ्याला डोळ्यांसमोर नको असतो. गावात कुजबुज सुरू होती.

गिल्बर्ट वेक्सकम रानाच्या फाटकाशीच घोड्यावर वाट बघत होता. लाल कोट, तोंडातून वाफा. रात्रभर दंव गोठलं होतं. घोड्यांचे पाय मोडू नयेत म्हणून ऊन चढेपर्यंत सगळे खोळंबले.

“गिल्बर्टसाहेब, या मॅरिनरचे लाड कुणी केले हो?” प्रॅटली म्हणाला. तो कुत्र्यांचा कारभारी, तोंडाने फटकळ. “नाक लाख मोलाचं, पण मॅरिनर म्हणून हाक मारा, ढुंकून बघत नाही. पुडिंग म्हटलं की शेपूट हलवत हजर! वर समोर बसून पंजा पुढे करतो, खाऊ द्या म्हणून.”

इथली पद्धतच आहे. शिकारीचं प्रत्येक पिल्लू पहिलं वर्ष कुणाच्या तरी घरी वाढतं. कोंबड्यांवर धावायचं नाही, मेंढरांना धरायचं नाही, हे तिथे शिकतं आणि मग केनेलमध्ये परत येतं. मॅरिनर गिल्बर्टकडे वाढला होता. वसंतात परत आला होता.

गिल्बर्टने वाकून खोगिराचा पट्टा आवळला. “आमची स्वयंपाकीण. म्हातारीला दुसरा उद्योग काय?”

“एकट्या गड्याचं घर आणि कुत्र्याचं नाव पुडिंग!” प्रॅटली खिदळला. ॲम्ब्रोज हसला नाही.

कुत्री रानात शिरली. मग नुसती शांतता.

“मी मारले असं वाटतं तुला?” गिल्बर्टने हळूच विचारलं.

“मला काही वाटत नाही. कुत्री सांगतील. ती खोटं बोलत नाहीत.”

ॲम्ब्रोज रानाकडे टक लावून बघत होता. आपला मित्र असा निघाला तर? आख्ख्या आयुष्यात त्याला एकच मित्र होता.

आणि मॅरिनर ओरडला. मागोमाग सगळी पलटण. रानाच्या कोपऱ्यातून एक दांडगा, तांबूस कोल्हा बाहेर पडला आणि ओल्या शेतातून ताणून पळाला.

“गेला! तो बघ, गेला!” ॲम्ब्रोज लहान पोरासारखा ओरडला.

काय धावले त्या दिवशी! कुंपणं, ओढे, नांगरटी. शेवटी टेकडीच्या पायथ्याशी कोल्ह्याने एका बिळात बुडी मारली आणि सगळ्यांना ठेंगा दाखवला. ॲम्ब्रोजला त्याचं काही नव्हतं. त्याचे डोळे भरून आले होते. त्याने गिल्बर्टचा हात घट्ट धरला.

“माफ कर मला. तू मला फसवशील असं मनात आणलं. लाज वाटते रे.”

“जाऊ दे रे,” गिल्बर्ट दुसरीकडे बघत म्हणाला.

“इझोबेलला सांगून येतो. सकाळी तुझ्यासाठी भांडत होती बिचारी.”

“नंतर सांग की. घोडा दमलाय तुझा.”

“एक कुत्रं कमी आहे!” मागून प्रॅटली ओरडला. “तो लाडोबा मॅरिनर! शोधा कुणाचं तरी स्वयंपाकघर!”

ॲम्ब्रोज हसत टेकडी चढला. उन्हाने दंव वितळून गवत मऊ झालं होतं, टापा वाजत नव्हत्या. बग्गीवाला घोड्याला पाणी दाखवायला गेला होता. इझोबेल खाली उतरून रस्त्याच्या कडेला पाठमोरी उभी होती.

तिच्या पुढ्यात मॅरिनर होता.

आता ही किंचाळणार, चक्कर येऊन पडणार. त्याने चाबूक उगारला आणि घोडा पुढे काढला.

मॅरिनर खाली बसला. त्याने पंजा पुढे केला.

इझोबेलने हातमोजा काढला, वाकून त्याचा कान कुरवाळला. “किती मोठा झालास रे, पुडिंग!” ती म्हणाली. “तू गेल्यापासून गुरुवारी आम्हाला अगदी करमत नाही.”