मावशी, फणस आणि म्हसळ्याचा चढ

चढाच्या दुसऱ्या वळणावर विश्वंभरने हँडलखालचं बटण पुन्हा एकदा दाबलं आणि मनातल्या मनात मोटारीला हात जोडले.

मोटार मागच्या चाकाच्या पोटात होती, बॅटरी दांड्याच्या आत. बघणाऱ्याला ती साधी गिअरची सायकल वाटावी, म्हणून तर त्याने खास शोधून मागवलेली. बटणाशेजारी एक हिरवा दिवा तेवढा लागायचा. त्याने बिंग फुटलं असतं, म्हणून निघण्याआधी त्यावर काळी चिकटपट्टी डकवली होती.

एवढा खटाटोप एका मावशीपायी. तरुणपणी आपण हाच चढ घरच्या जुन्या सायकलीवरून, मावशीला कॅरिअरवर बसवून, पाय न टेकता चढलो, असं विश्वंभर वर्षानुवर्षं सांगत आला होता. सुरुवातीला मावशी नुसतीच बसायची. मग तिच्या मांडीवर फणस आला. अलीकडे फणस दोन झाले होते, आणि मावशीही अंगाने भरली होती.

आज सकाळी दिवेआगरला चहा पिताना या सायकल-सहलीला सोबत आलेल्या त्याच्या मित्राने, रामचंद्रने विषय काढला.

"विश्वा, आज तुझा मावशीवाला चढ. पाय टेकलास, तर यापुढे आमच्यासमोर एकही गोष्ट सांगायची नाही."

"आणि नाही टेकला तर?"

"तर मावशी खरी."

"फणसांसकट," गोदावरीवहिनी म्हणाल्या. त्या रामचंद्रच्या बायको. सायकल नवऱ्यापेक्षा बऱ्या चालवायच्या आणि शब्दही मोजून वापरायच्या.

विश्वंभर हसला खरा, पण ही शर्त त्याला परवडणारी नव्हती. घरी त्याच्या गोष्टी बायको लग्नानंतर वर्षभर ऐकत होती, पुढे तिने कानच मिटले. शाळेतली पोरं भूगोलाच्या तासाला ऐकायची, तर तो निवृत्त झाला. अख्ख्या अलिबागेत ऐकून घेणारी ही दोनच माणसं उरली होती. ती गेली, तर बोलायचं कुणाशी? नारळांशी?

बॅटरीचं मात्र त्याने चोख जमवलं होतं. काल मांडव्याहून निघाल्यापासून ती त्याने सढळ हाताने उडवून पार संपवली. काशीदच्या चढावर तर कुणाला संशय येऊ नये म्हणून खोटं खोटं धापत होता. दिवेआगरला मुक्काम सोनूबाईंच्या घरी होता; पोचल्यावर त्यांच्या पडवीत सायकल लावली, चार्जर भिंतीच्या प्लगला जोडला आणि वरून आपला पंचा पांघरला. सकाळी बघतो तर चार्जरची वायर छान गुंडाळून सीटवर ठेवलेली. चार्ज झाल्यावर बाईंनी काढून ठेवला असणार. घर चालवावं तर असं, असं तो दोनदा बोललाही. मग बोर्लीपर्यंतच्या सपाटीवर त्याने बटणाला बोटसुद्धा लावलं नाही. सगळी ताकद चढासाठी राखली.

आज धापायचं नाटक करावं लागत नव्हतं. मांड्यांत निखारे भरले होते. घाम डोळ्यांत उतरत होता. काल पाखरासारखी उडणारी सायकल आज रेड्यासारखी अडत होती, पण त्यात मोटारीचा काय दोष? चढ तसाच होता, आणि विश्वंभरचं पोटही. मोटार नसती तर आपण एव्हाना गटारात आडवे झालो असतो, असं म्हणून त्याने बटण परत दाबलं.

तिसऱ्या वळणावर रामचंद्र उतरून सायकल ढकलत होता. त्याच्या पुढे करवंदीच्या जाळीशी गोदावरीवहिनीही पाय टेकून पाणी पीत होत्या. विश्वंभर त्यांच्या शेजारून गेला. गोगलगाईच्या वेगाने गेला, पण गेला. बोलायला श्वास नव्हता, म्हणून नुसती मान हलवली. राजे हलवतात तशी.

माथ्यावरच्या एसटीच्या निवाऱ्यात त्याने सायकल टेकवली आणि बाकावर अंग टाकलं. तेवढ्यात फोन वाजला. सोनूबाई होत्या.

"भाऊ, तुमचा पंचा राह्यला ना दोरीवर वाळत."

"राहू दे, बाई. येताना नेतो."

"आन् माझं जरा चुकलंच. पंच्याखालचं ते डबडं तुम्ही लावलंत आन् लगोलग मी काढलं. वाटपाला मिक्सर लावायचा व्हता, तिथं दुसरा पिलग न्हाय. मग परत लावायचं ध्यानातच न्हाय राह्यलं. मोबाइल चार्ज झाला न्हाय ना तुमचा?"

"झाला," विश्वंभर म्हणाला.

फोन ठेवून त्याने चिकटपट्टीचं टोक नखाने उचकटलं. बटण दाबलं. परत दाबलं. हिरवा दिवा लागलाच नाही, मेलेल्या माशाच्या डोळ्यासारखा त्याच्याकडे बघत राहिला.

म्हणजे चढ त्याने एकट्याने चढला होता. पाय न टेकता. वर मेलेली मोटार आणि रिकामी बॅटरी, म्हणजे एका चांगल्या थोराड फणसाचं ओझं, तेही त्यानेच इथवर आणलं होतं. या वयात. अंगावर काटा आला त्याच्या. तोंड उघडून साऱ्या तालुक्याला ऐकू जाईल असं सांगावंसं वाटलं.

वळणावरून रामचंद्र आणि गोदावरीवहिनी सायकली ढकलत वर येताना दिसले. विश्वंभरने चिकटपट्टी घाईघाईने परत दाबून बसवली.

"हरलो, बाबा," रामचंद्र बाकावर कोसळत म्हणाला. "सांग तुझी गोष्ट. आजपासून सगळी खरी."

"शब्द आहे आमचा, भावोजी," वहिनी म्हणाल्या. "सांगा."

विश्वंभरकडे आयुष्यात पहिल्यांदाच एक खरी गोष्ट होती. त्याने ती गिळली, घसा साफ केला आणि मावशीला कॅरिअरवर बसवलं.