रविवारचा पंखा

खुंटीवरच्या किल्ल्या वाजल्या आणि घरातली शांतता मोडली. चहाचं आधण उतरवता उतरवता अंबिका थांबली. डोकावून पाहते तर मनवा स्टुलावर उभी, शेडच्या किल्ल्या मुठीत, पायांत उलटसुलट चपला. आज तिला न उठवता एकटीनंच जायचं, असं अंबिकानं कालच ठरवलं होतं. पण सहा वर्षांच्या पोरीलाही रविवार कळतो. रविवारी विमानाचा पंखा फिरवायचा असतो.

विमान माधवचं. दोन माणसांपुरतं, पन्नाशी उलटलेलं, पंखांना कापड ताणून रंग दिलेलं. बंद पडलेल्या एका फ्लाइंग क्लबातून त्यानं ते सुटं करून, टेम्पोत घालून राहात्याला आणलं होतं. कारखान्याच्या जुन्या धावपट्टीकडेला एक शेड होती. तिथं त्यानं आणि फैयाजभाई मेकॅनिकनं चार वर्षं खपून ते पुन्हा उभं केलं. मग त्यातच अंबिकाही उडायला शिकत होती. परवान्याला उड्डाणाचे चाळीस तास लागतात. एकतीस झाले आणि मनवाची चाहूल लागली. नऊच तर राहिलेत, ते कुठं पळून जातात, असं माधव म्हणायचा. तास कुठंच गेले नाहीत. तो गेला. तीन वर्षांपूर्वी, साध्या तापाचं निमित्त होऊन.

तेराव्यानंतर फैयाजभाई घरी आले. काय बोलावं ते त्यांना सुचेना. शेवटी एवढंच म्हणाले, की वहिनी, दर रविवारी पंखा हातानं चार वेळा फिरवत जा, नाहीतर इंजिनातलं तेल खाली बसतं. अंबिकानं ते व्रतासारखं धरलं. मनवाला आत माधवच्या सीटवर बसवायचं. आपण पंख्यापुढं उभं राहायचं आणि विचारायचं, "स्विच बंद?" आतून उत्तर यायचं, "बंद." ते ऐकल्याशिवाय पंख्याला बोट लावायचं नाही, हा माधवचा नियम. पूर्वी तो विचारायचा, ती सांगायची. आता ती विचारायची आणि मनवा सांगायची. मग पुढच्या नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं असेल तर ते काडीनं काढायचं, चाकं वीतभर सरकवायची, सगळं अंग पुसायचं. शेडमागची रंगुबाई शेळ्या हाकता हाकता बघायची आणि म्हणायची, "लई लाड हायेत इमानाचे. आमच्या म्हाताऱ्याला बी मी येवढं पुसत न्हाई."

गेल्या महिन्यात फैयाजभाईंनी तिला जवळ बोलावून उजव्या पंखाचं कापड बोटानं दाबून दाखवलं. ते जुन्या धोतरासारखं मऊ पडलं होतं.

"वहिनी, विमान उडून झिजत नाही," ते म्हणाले. "उभं राहून झिजतं."

त्यांनीच मग धवलचं नाव काढलं. सुप्याच्या कंपनीत इंजिनिअर, परवाना हाताशी, जीव लावणारा पोरगा. इंजिन सुरू झालं तरच विकत घेईन म्हणाला होता. अंबिकानं हो म्हटलं. ते खोटं नव्हतं. पण त्या दिवसापासून एकच गोष्ट ती मनात घोकत होती. सुरू न होवो. तो हात हलवत परत जावो. पुढच्या रविवारी आपण दोघी आणि आपलं विमान.

शेडवर पोचल्या तेव्हा विमान उन्हात बाहेर काढलेलं होतं. शेपटी खुंटाला बांधलेली, चाकांखाली लाकडी पाचरी. फैयाजभाईंनी आठवडाभर आधीच पेट्रोल बदललं होतं, प्लग नवे घातले होते. मनवा आपल्या जागेकडं धावली, तर तिथं धवल बसलेला. ती तोंड पाडून आईजवळ येऊन उभी राहिली. अंबिकाच्या हातात विक्रीच्या कागदांची फाईल होती. फाईलला पेन अडकवलेलं होतं.

फैयाजभाई पंख्यापुढं आले. "स्विच बंद?"

"बंद," धवल आतून म्हणाला. इकडं मनवाही ओठांतल्या ओठांत म्हणाली, "बंद."

चार वेळा पंखा फिरला. रविवार तेवढाच असायचा. फैयाजभाईंनी मात्र तळवे विजारीला पुसले, एक पाय मागं रोवला आणि तीन वर्षांत तिथं कुणी न विचारलेलं विचारलं.

"स्विच चालू?"

"चालू."

पंख्याला एक हिसका. इंजिन खोकलं, निळा धूर आला, गप्प झालं. अंबिकानं डोळे मिटले. दुसरा हिसका. पुन्हा खोकलं. "घे रे, पकड घे," असं कुणीतरी पुटपुटलं. तो आवाज आपलाच आहे, हे तिला क्षणभरानं कळलं. तिसऱ्या हिसक्याला इंजिनानं पकड घेतली. गवत आडवं झालं, रंगुबाईच्या शेळ्या उधळल्या, फाईल छातीशी फडफडली. अंबिकाच्या टाचा आपोआप उचलल्या गेल्या. तिचा रिकामा उजवा हात हवेतच मुठीत वळला, कंट्रोलचा दांडा धरल्यासारखा.

धवलनं इंजिन बंद केलं. खाली उतरून तो अगदी हळू बोलला, देवळातून बाहेर आल्यासारखा. म्हणाला, वहिनी, उद्याच ट्रक घेऊन येतो, पंख गोधडीत गुंडाळून नेईन. फैयाजभाई दुसरीकडं बघत हात पुसत राहिले. अंबिकानं पेनाचं टोपण काढलं.

मनवानं तिची ओढणी ओढली. विमान म्हणजे देवघरातले देव, पुसायचे आणि जागेवर ठेवायचे, एवढंच तिला आजवर माहीत होतं. तिचे डोळे अजून पंख्यावरून हलले नव्हते.

"आई, याला चालू पण म्हणता येतं?"

अंबिकानं मान डोलावली.

मनवानं थोडा विचार केला.

"मग आपण इतके रविवार नुसतं बंदच का म्हणत होतो?"